माईकला जेवण विचारणारा माणूस

"जेवलास का?"

हे ते माईकला विचारायचे. यात्रेच्या दिवशी सकाळी स्टेजवर चढायचं, खांद्यावरचा टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावरच टाकायचा, बोटाच्या पेरानं माईकच्या जाळीवर टकटक करायचं आणि शेजाऱ्याच्या खिडकीत डोकवावं तसं वाकून विचारायचं, "जेवलास का?" त्यासरशी दोन्ही अंगांच्या उतारावर बसलेली, बाभळीवर चढलेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत उभी राहिलेली सगळी माणसं एकदम ओरडायची, "जेवलोऽऽ!" मग ते समाधानानं म्हणायचे, "मंग लागा कामाला."

बाकीचे निवेदक 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' करतात. यांचं म्हणणं वेगळं. "ज्याच्याकडनं दिवसभर राबवून घ्यायचं, त्याला आदी जेवणाचं विचारावं. बैल काय न् माईक काय."

सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणायचा, मीही अण्णाच म्हणायचो. मी त्यांचा माईकवाला. आमच्याकडच्या एखाद्या यात्रेला तुम्ही आला असाल तर मला पाहिलंही असेल. स्टेजच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, प्लास्टिकच्या खुर्चीत पोट कसंबसं बसवून 'येतोय का आवाज?' असं हातानं विचारणारा जो इसम असतो, तो मी. आवाज चांगला आला तर बोलणारा भारी. आवाज बिघडला की सगळी यात्रा मान वळवून माझ्याकडे बघते. आमची ही म्हणते, स्वयंपाकाचंही अगदी असंच असतं. मी त्यावर काही बोलत नाही, कारण बोललो तर आवाज बिघडतो.

जुन्नर-आंबेगावच्या बाहेरच्या माणसांसाठी एवढं सांगतो. आमच्या बैलगाडा शर्यतीत एका वेळी एकच गाडा पळतो. पळण्याच्या चढाला घाट म्हणतात आणि एका पळण्याला बारी. पुढे घोडी, मागे बैल. निशाण पडलं की घड्याळ सुरू. बारी डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत संपते. पण दोन बाऱ्यांच्या मध्ये बैल जुंपायचे, घोडी आवरायची, हरवलेला गाडामालक भेळेच्या गाडीवरून शोधून आणायचा, यात मोठा वेळ जातो. तो भरून काढायचं काम निवेदकाचं. अण्णा तो असा भरायचे की बारी सुरू झाली की लोकांना राग यायचा. बैलाचं नाव, त्याच्या आईचं नाव, मालकाचं नाव आणि मालकाच्या मेव्हण्यानं लग्नात काय गोंधळ घातला होता तो, सगळं त्यांना तोंडपाठ. एखादा बैल जू घ्यायला तयार नसला की माईकवरून म्हणायचे, "गडी नाय ऐकत!" आणि मालक एकीकडे बैल ओढायचा, दुसरीकडे हसायचा.

शर्यतींवर बंदी होती ती वर्षं अण्णांनी लग्नांवर काढली. वरात निघाली की माईकवर सुरू, "पुढं घोडा, घोड्यावर नवरदेव, त्याच्यामागं कर्ज काढलेला बाप, आन् निशाण पडलंऽ!" एका वरातीतला घोडा जुना शर्यतीचा होता. तो हे ऐकून नवरदेवासकट पळाला तो पार पारगावच्या साखर कारखान्याच्या वाटेला लागला. लग्न लागलं, पण मुहूर्तावर नाही.

मग बंदी उठली. पहिल्या यात्रेला घाट माणसांनी फुटायची वेळ आली. अण्णा स्टेजवर चढले, टॉवेल झटकला, टकटक केली आणि वाकून विचारलं. पुढच्या चार रांगा ओरडल्या, "जेवलो." मागचे गप्प. क्षणभरानं मागून आलं, "ए माईकवाला! झोपला का रं?"

मी धावत वायरी तपासल्या. वायरी ठीक. माझ्या ॲम्प्लिफायरवर आवाजाच्या बटणाभोवती मी रंगाचे ठिपके दिलेले असतात. सरपंचांचा ठिपका वेगळा, कीर्तनकारबुवांचा वेगळा. अण्णांचा सगळ्यात खाली, कारण त्यांना माईक केवळ शोभेला लागायचा. त्या दिवशी मला बटण त्यांच्या ठिपक्यावरून उचलून सरपंचांच्या ठिपक्यापर्यंत न्यावं लागलं.

गावानं निदान लगेच केलं. "बंदीत घसा गंजला." हे सगळ्यांना पटलं. एवढी वर्षं उभं राहिलेलं इंजिनसुद्धा पहिल्या दिवशी धूर काढतं. ज्येष्ठमध आलं, हळद-मध आला, कोणी कच्चं अंडं सुचवलं. अण्णा माळकरी असल्यामुळे अंडं सुचवणाऱ्यानं स्वतःच पिऊन दाखवलं.

पुढच्या वर्षी बटण कीर्तनकारबुवांच्या पुढे गेलं. आता दोष माझ्या मशीनवर आला, म्हणून मी नवा ॲम्प्लिफायर आणला, नवा माईक आणला, एक मोठा मिक्सरही आणला. आमची ही खोक्याकडे बघून म्हणाली, "मिक्सर आणलाय ना? मग उद्या चटणी त्याच्यातच वाटा."

आता बघा, माणूस बदलत असतो आणि आपण त्याच्या आजूबाजूच्या वस्तू बदलत बसतो. पण तेव्हा हे कोणाच्या ध्यानात येणार? एक गोष्ट झाली की आमच्याकडे तिला लगेच एक कारण मिळायचं, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण वेगळं.

तंबाखूचंच घ्या. अण्णांच्या डाव्या हाताचा अंगठा पहिल्या दोन बोटांवर फिरायला लागला. हात मांडीवर नुसता ठेवलेला असला की फिरायचा, काही उचलायला गेले की थांबायचा. अगदी तंबाखू मळल्यासारखा. ज्या माणसानं जन्मात सुपारी खाल्ली नाही, तो पारावर बसला की लोक शेजारी सरकायला लागले. एकानं तर चुन्याची डबी पुढे केली.

"कशाला?" अण्णा.

"आता लपवता कशाला राव? मळताय तर चिमूटभर आमालाबी द्या."

"आरं, हातात काय न्हाई."

"आसं सगळेच म्हणत्यात."

बातमी अण्णांच्या घरी पोचली. वहिनींनी त्यांचे सगळे खिसे उलटे केले, उशी उसवली, गोठ्यातल्या कोनाड्यात हात घालून विंचू मात्र शोधून काढला. तंबाखू सापडली नाही, त्यामुळे संशय वाढला. "लई पक्के झालेत," त्या आमच्या हिला म्हणाल्या. "लपवत्यात कुठं तेच कळंना."

मग चेहरा. माझ्या मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. चेहरा असा, की जणू दहाव्याला आलेत. डोळ्यांची पापणी लवत नव्हती. मुलीचा बाप घाबरून तीनदा येऊन गेला. "अण्णा, काही कमी पडलं का?" अण्णा त्याच चेहऱ्यानं आणि त्याच एका सुरात म्हणाले, "सगळं झ्याक हाय. जिलबी तर लईच झ्याक." बापाला ते टोमण्यासारखं लागलं. त्यानं अण्णांना दुसऱ्यांदा टोपी-उपरणं दिलं, जिलबीचा अख्खा डबा दिला, आणि तरी चेहरा तसाच म्हटल्यावर स्वतःच रडकुंडीला आला. गावात बोललं गेलं, "बंदी उठल्यापासून अण्णांना गर्व झालाय. हसत न्हाईत कुणाशी."

देणगीदारांची नावं फळ्यावर लिहायचं कामही अण्णांचंच. पहिलं नाव आंब्याएवढं आणि शेवटचं मोहरीएवढं व्हायला लागलं. शेवटच्यानं भांडण काढलं, "मी काय कमी दिलं का?" डावा हात चालताना हलेनासा झाला, तर लोक म्हणाले खांदा आखडलाय. वहिनी म्हणायच्या, "झोपेत शर्यत लावत्यात. परवा मला लाथ मारली आन् म्हणले, 'घोडी बाजूला घ्या!' म्हंजी घोडी कोण, मी?" त्यांनी दोघांच्या मध्ये उशांचा बांध घातला.

एकदा तर यात्रेत माझा नवा ॲम्प्लिफायर जळाला. असा वास सुटला की पंच पळाले, पाहुणे पळाले, घोडीनं तोंड फिरवलं. अण्णा शेजारी उभे राहून शांतपणे बोलत होते. लोक म्हणाले, "काय धीर हाय गड्याला!" मीही म्हणालो. धीर कसला, त्यांना वासच येत नव्हता.

हे सगळं एका जागी मांडलं ते आमच्यापैकी कोणी नाही, नारायणगावच्या बाजारपेठेतल्या एका कापडवाल्या शेठनी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण शेठ कांद्याच्या भावावर आमच्यापेक्षा चांगली मराठी शिवी देतात. यात्रेचे फेटे दरवर्षी त्यांच्याकडून येतात. अण्णा आणि मी ते आणायला गेलो होतो. अण्णांनी फेट्यांचं गाठोडं घेतलं आणि दाराकडे वळले. वळताना जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत, मोठा ट्रक अरुंद गल्लीत वळवावा तसे वळले.

"अण्णा," शेठ गादीवरून म्हणाले, "जरा दारापर्यंत जाऊन परत या बरं."

"का? माप घेताय का?"

"या तर."

अण्णा गेले, आले. शेठ चष्मा वर करून बघत राहिले. मग त्यांनी पेटीतून अत्तराची कुपी काढली, अण्णांच्या मनगटावर बोट टेकवलं आणि विचारलं, "कसला वास?"

अण्णांनी हुंगलं. "पाण्याचा."

मोगरा होता. शेठनी एक बोट माझ्या शर्टाला पुसलं होतं, त्यामुळे पुढे दोन दिवस आमच्या घरात माझी चौकशी चालली होती. शेठ मात्र हसले नाहीत. कुपी बंद करत म्हणाले, "आमच्या बापूजींचं असंच होतं. आम्ही लई दिवस खांद्याला तेल चोळत बसलो. खांद्यात काही नव्हतंच. मी कापडवाला माणूस, मला रोगातलं कळत नाही. पण पुण्याला मेंदूच्या डॉक्टरला दाखवून घ्या. तेलावर दिवस घालवू नका."

डॉक्टरकडे अण्णा, वहिनी आणि गाडी चालवायला मी. मला वाटलं होतं मोठं मशीन असेल, वायरी लावतील, मलाही दोन गोष्टी विचारतील. तसलं काही नाही. डॉक्टरबाईंनी अण्णांना बोटं मिटायला-उघडायला लावली, कागदावर ओळ लिहून घेतली, खुर्चीतून उठवलं, चालवलं, वळवलं, आणि मागे उभं राहून खांद्याला हलका झटका देऊन बघितलं. वासाचं विचारलं. झोपेचं विचारल्यावर वहिनींनी उशांच्या बांधाची हकिकत सांगितली, पोटरीवरचा डाग दाखवला.

मला राहवलं नाही. म्हणालो, "बाई, एवढ्या लांबून आलोय, एखादं मशीन तरी लावा."

"लागलं तर लावू," त्या म्हणाल्या. "हा आजार बहुतेक बघूनच ओळखावा लागतो. याला पार्किन्सन्स म्हणतात, आपल्याकडे कंपवात म्हणतात. पण नुसता कंप म्हणजे कंपवात नाही. वास जाणं, झोपेत हातपाय मारणं, अक्षर बारीक होणं, चेहरा स्थिर होणं, हात न हलणं, आवाज बारीक होणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. काहींमध्ये कंप दिसायच्या आधीच यातली काही सुरू होतात. मेंदू हुकूम सोडतो, पण हालचाल सुरळीत ठेवणारं एक रसायन कमी पडत जातं."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. अंगठा बोटांवर फिरत होता. मग म्हणाले, "म्हंजी सगळे एकाच मालकाचे बैल."

बाईंना क्षणभर समजलं नाही, मग हसल्या. "अगदी."

"आन् बैलांत खोट न्हाई. कासरा ढिला झालाय."

"हेही अगदी बरोबर. हा आजार बरा होत नाही, हळूहळू वाढतो, प्रत्येकाचा वाढायचा वेग वेगळा. पण गोळ्या वेळेवर घेतल्या, व्यायाम केला, मोठ्यानं बोलायचा सराव ठेवला, तर पुष्कळ वर्षं चांगली जातात."

"यात्रंला बोलता येईल?"

"सराव ठेवा," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. अण्णांनी ते 'हो' समजून घेतलं.

परतीच्या वाटेवर मंचर मागे पडल्यावर वहिनी मागच्या सीटवरून एकदम म्हणाल्या, "म्हंजी दोन वरसं तोंड पाडून बसताय, ते माझ्यावर रागावून न्हाई?"

"तुझ्यावर कशाला रागवू?"

"मला वाटलं, मी काय केलं म्हणून." आणि मग त्या आधी रडल्या, नंतर चिडल्या. "एवढ्या येळेला खीर केली तुमच्यासाठी! सांगायचं न्हाई व्हय, की ह्ये तोंड तसंच हाय म्हणून?"

"मला काय म्हाईत? मला माझं तोंड दिसतं का?"

गोळ्यांनी सुरुवातीला जादू केली. अण्णांचा हात हलायला लागला, अक्षर आंब्याएवढं नाही तरी लिंबाएवढं झालं. पारावर तंबाखूवाले नाराज झाले. सकाळी ते मळ्यात उभे राहून मोठ्यानं बोलायचा सराव करायचे, म्हणजे शेजाऱ्याच्या म्हशीला बातम्या सांगायचे. म्हैस रवंथ थांबवून ऐकायची. सलग दोन यात्रा बटण खाली राहिलं.

मग कासरा पुन्हा सुटायला लागला. गोळीचा जोर आधी दुपारपर्यंत पुरायचा, तो आता मध्येच संपायचा. जोर असला की अण्णा चालते-बोलते, संपला की पुतळा. गोळी जेवणाच्या बरीच आधी घ्यायची होती, म्हणून वहिनी घड्याळ बघून ओरडायच्या, "गोळी घेतली का?" आणि मग पुन्हा वेळ बघून, "आता जेवा." अण्णा म्हणायचे, "आगं, माईकला तरी मी एकच प्रश्न विचारायचो."

सगळ्यात मजेचं आणि सगळ्यात अवघड म्हणजे उंबरा. मोकळ्या अंगणात चालणारा माणूस दारात आला की पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे, पाय मागे. खाली बघून म्हणायचे, "गडी नाय ऐकत." ओढलं तर पडायची भीती. एकदा ते असे दारात अडकले, मागे वहिनी चहाची किटली घेऊन, पुढे मी हात पसरून. शेवटी मी वैतागून, बैलाला म्हणतात तसं म्हणालो, "भिर्रर्र!"

अण्णांनी टपकन पाय उचलला आणि उंबरा ओलांडला.

पुढच्या वेळी डॉक्टरबाईंना भीत भीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या की ताल, आरोळी, जमिनीवरची रेघ अशा खुणेनं अडलेलं पाऊल पुष्कळदा सुटतं. त्या दिवसापासून आमच्या आळीत दिवसभर शर्यत चालू. शेजारीण भांडी घासता घासता 'भिर्रर्र' करायची आणि अण्णा न्हाणीतून बाहेर पडायचे.

गेल्या वर्षीच्या यात्रेआधी कमिटी बसली. एक जण घसा खाकरून म्हणाला, "अण्णांना यंदा विश्रांती द्यावी." बाहेरचा निवेदक ठरत होता. जाकीट घालणारा, मोबाईलवर गाजलेला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू हाही आवाजाचाच बिघाड आहे. अण्णा भिंतीला टेकून बसले होते.

"मला एकच बारी द्या," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं. "पयली. ती माझ्या तोंडानं सुटू द्या. मंग जाकीटवाल्याला बोलवा, मी भेळ खाईन."

कोणाला नाही म्हणता आलं नाही. पण सगळ्यांच्या पोटात एकच भीती. घाटात एवढी पाहुणी माणसं, आणि अण्णांचा आवाज निघालाच नाही तर? ती भीती अण्णांच्याही पोटात होती. ते रोज म्हशीला जास्त वेळ बातम्या सांगायला लागले.

वहिनींनी आणि मी गोळीचं गणित बसवलं. पहिली बारी सकाळी दहाला. गोळी त्याच्या आधी, पोटात जोर ऐन दहाला. गणित चोख होतं, फक्त उद्घाटनाचे पाहुणे त्यात धरलेले नव्हते. पाहुणे येडगाव धरणाच्या बाजूला आणखी एका उद्घाटनात अडकले. दहाचे अकरा झाले, अकराचे साडेअकरा. पाहुण्यांनी नारळ फोडून पुढच्या गावची वाट धरली तेव्हा अण्णांचा अंगठा तंबाखू मळायला लागला होता. वहिनींनी पुढची गोळी दिली, पण ती चढायला वेळ होता, आणि बैल मात्र खाली घाटाच्या तोंडाशी जुंपून तयार.

स्टेजच्या पहिल्याच पायरीला अण्णा अडकले. सगळा घाट बघतोय. जाकीटवाला जाकीट नीट करतोय. मी वायरी सोडून उठलो, त्यांच्या कानाला लागलो आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणालो, "भिर्रर्र." एक पायरी. "भिर्रर्र." दुसरी. जाकीटवाल्यानं मला विचारलं, "काय मंत्र आहे का?" मी म्हटलं, "गुरुमंत्र आहे, सांगता येत नाही."

अण्णांनी टॉवेल झटकला. तो खाली पडला, मी उचलून खांद्यावर ठेवला. टकटक झाली. ते वाकले. ओठ हलले.

काही नाही.

मी बटण वाढवलं. सरपंच गेले, बुवा गेले, सगळे ठिपके संपले, आणि कर्ण्यांतून अशी कर्कश शिट्टी निघाली की खाली बैलांनी कान पाडले. बटण मागे घेतलं तर आवाज नाही, पुढे नेलं तर शिट्टी. मागून सुरू झालं, "आवाऽज! ए माईकवाला! झोपला का रं?" अण्णा माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण मला आता तो चेहरा वाचता यायला लागला होता.

एवढ्या वर्षांत मी माईकवर कधी बोललो नव्हतो. माझं काम मागचं. पण जाकीटवाल्याचा माईक शेजारी होता तो मी उचलला आणि बोललो. माझा आवाज ऐन वेळी असा चिरकला की कोणाला वाटलं पुन्हा शिट्टी सुरू झाली. "मशीन चांगलं हाय!" मी ओरडलो. "आवाज अण्णांचा कमी न्हाई, तुमचा जास्त हाय! जरा गप बसा की राव!"

आधी घाट हसला. मग हलगीवाल्यानं काठी थांबवली. भेळवाल्यानं डावाचा खणखणाट थांबवला. बाभळीवरच्यांनी खालच्यांना श्श केलं, खालच्यांनी वरच्यांना. बैलगाड्याचा घाट शांत झालेला तुम्ही कधी ऐकलाय? मी ऐकला. आणे पठारावरचा वारा ऐकू यावा इतका शांत.

त्या शांततेत, वाळक्या पानासारखा आवाज कर्ण्यांतून आला.

"जेवलास का?"

आणि घाट फुटला. "जेवलोऽऽऽ!" पुढचे, मागचे, झाडावरचे, ट्रॉलीतले, भेळवाला, वहिनी. असा आवाज, की खाली जुंपलेल्या बैलांना वाटलं हीच सुटायची आरोळी. निशाण पडलं नव्हतं, घड्याळ सुरू नव्हतं, पंचाच्या तोंडात भेळ होती. बैल सुटले. घोडीवाला "आरं आरं" म्हणत कसाबसा पुढे. डोळे मिटून उघडेपर्यंत गाडा वर.

एकच कालवा झाला. बारी धरायची की नाही? गाडामालक छाती पिटत होता, "आयुष्यातली सगळ्यात भारी बारी, आन् घड्याळ बंद!" आजही तो सांगत फिरतो की घड्याळ चालू असतं तर घाटाचा राजा तोच. खोटं आहे हे कोणाला सिद्ध करता येत नाही.

अण्णा माईकला धरून उभे होते. चेहरा तसाच, पण पोट गदगदा हलत होतं. माईकशी वाकून म्हणाले, "गडी नाय ऐकत." मग जाकीटवाल्याच्या हातात माईक दिला आणि ठरल्याप्रमाणे भेळ खायला गेले. भेळ खाताना ठसका लागला, वहिनींनी पाठ चोळली आणि गाडामालकालाही दोन शब्द ऐकवले.

त्यानंतर अण्णा स्टेजवर चढले नाहीत. आवाज अजून बारीक झाला. घरात बसून वहिनींना हाक मारली तर मागच्या दारी पोचेना. म्हणून मी माझा जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त केला, त्यांच्या खाटेशी माईक लावला आणि बाहेर लिंबाच्या झाडाला एक छोटा कर्णा बांधला. पहिल्याच दिवशी साऱ्या आळीनं ऐकलं, "चहाऽ." चार घरांतून चहा आला. दुसऱ्या दिवशी माईक चालू राहिला आणि साऱ्या आळीनं ऐकलं, "आज आमटीत मीठ न्हाई. पर हिला सांगू नका." वहिनी मागच्या दारी होत्या. त्यांनीही ऐकलं.

रोज दिवेलागण झाली की कर्णा विचारायचा, "जेवलास का?" मग एकेका घरातून उत्तर जायचं. "जेवलो अण्णा!" "बसतोय अण्णा!" "भाकरी तव्यावर हाय अण्णा!" सगळी उत्तरं आल्याशिवाय ते स्वतः ताटावर बसायचे नाहीत, आणि कर्ण्यानं विचारल्याशिवाय आळीत कोणी ताट वाढायचं नाही.

पडणं वाढलं, घास गिळताना त्रास व्हायला लागला, म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीनं त्यांना आणि वहिनींना पुण्याला नेलं. तिथे रोज व्यायामाला आणि बोलण्याच्या सरावाला माणूस येतो. घराला कुलूप आहे. कर्णा लिंबावर तसाच आहे, त्यात चिमणीनं काड्या जमवायला सुरुवात केली आहे.

काल संध्याकाळी आमच्या हिनं ताट वाढलं. पिठलं, भाकरी, कांदा. मी ताटासमोर बसून राहिलो.

"जेवा की," ही म्हणाली. "निवतंय. कशाची वाट बघताय?"

"अजून कोणी विचारलं नाही," मी म्हणालो.

तिचंही ताट तसंच होतं.